इंचाला बारा टाके

माझ्या सुनेला वाईट शिवता येत नाही. लोक म्हणतील, ही काय तक्रार झाली? त्यांनी महिनाभर घरात ठेवून बघावं. जमीन पुसायचं फडकं फाटलं तर ती त्याला अशी शिवण घालते की मग त्याने जमीन पुसायची लाज वाटते. मी घाईत पिशवीला चार टाके मारून ठेवले की माझी पाठ वळायचा अवकाश, उसवते आणि पुन्हा घालते. वर तोंडातून अवाक्षर नाही. सासूला न बोलता नावं ठेवायची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

ही खोड मला लग्नाच्या आठवड्यातच कळली होती. तेव्हापासून मी गल्लीभर सांगत आले की हिला सुई धरता येत नाही. खोटंच होतं ते. पण सुनेची स्तुती बाहेर करायची नसते, आणि घरात तर मुळीच नाही.

याच खोडीपायी एकदा बारा माणसं मरायची होती. त्यातला एक माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा.

लढाईचं तिसरं वर्ष होतं. गावात पाहुणे येऊन दोन वर्षं झाली होती. पाहुणे म्हणायचं, कारण दुसरं काही म्हणणाऱ्याला ते घेऊन जात, आणि नेलेलं माणूस परत आणून सोडायची त्यांच्यात पद्धत नव्हती. टपाल कचेरीत त्यांनी बस्तान मांडलं होतं. आमचं दुकान रस्ता ओलांडून समोरच. इस्त्री आणि दुरुस्ती. पुढच्या खोलीत पायाचं मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला बाक, मध्ये पडदा, मागे इस्त्रीचं मेज आणि कोळशाची शेगडी. मशीनवर मी, इस्त्रीवर ती. मुलगा कुठे आहे असं कोणी विचारलं तर आम्ही सांगत असू की बाहेरगावी कामाला आहे. नदीच्या वरच्या अंगाला एक बंद पडलेली पिठाची गिरणी होती, तिथे तो आणि आणखी अकरा जण पाहुण्यांच्या टेलिफोनच्या तारा कापायचं काम करत. बाहेरगाव होतंच ते. कामही होतं.

तारा टिकत नाहीत म्हटल्यावर पाहुणे हुकूम फटफटीवरून पाठवायला लागले. फटफटीवाल्याच्या गळ्यातल्या पिशवीत नुसती घरगुती पत्रं. खरा हुकूम त्याच्या कोटाच्या अस्तरात, डाव्या काखेखाली शिवलेला. शिवायला पलटणीचा शिंपी. हा शिंपी लढाईआधी तंबू शिवायचा, म्हणून सगळे त्याला तंबूच म्हणत. वरच्या नाक्यावरचा अधिकारी ती शिवण कापून कागद काढून घेई आणि कापलेली पट्टी फटफटीवाल्याबरोबर परत पाठवी. तंबू ती पट्टी बघून सांगे, हो, टाका माझाच आहे, वाटेत कोणी उघडलेलं नाही. हे सगळं मला फटफटीवाल्यानेच सांगितलं. पोरसवदा होता, बोलायला माणूस नव्हतं त्याला.

आता हा कोट आमच्या हातात कसा यायचा? पुलाच्या वळणावर अंडीवालीच्या टोपलीतली दोन-तीन अंडी नेहमी फुटत. त्यावरून फटफटी घसरे. बाही नाहीतर खिसा फाटे. नाक्यावरचा अधिकारी फाटक्या कोटाला उभं करून शिव्या देणारा, तेव्हा फटफटीवाला लंगडत परत आमच्याच दारात. पाहुण्यांनी दोनदा पूल दुरुस्त केला.

कोट अंगावेगळा करायचा नाही, असा त्याला हुकूम होता. पण माणूस आत असताना बाही मशीनखाली घालता येत नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी घालून दाखवलं. त्यानंतर तो मुकाट्याने काढून देई.

सुनेला पाहुण्यांची भाषा येते. लग्नाआधी शाळेत शिकवायची. मला आपलीच जेमतेम. त्यामुळे कामाची वाटणी ठरलेली. इस्त्रीला म्हणून कोट आत जाई. ती अस्तर उसवून कागद वाची, मग बाहेर येऊन फटफटीवाल्याशी त्याच्या भाषेत त्याच्या आईबद्दल गप्पा मारी. तोवर मी आत जाऊन अस्तर शिवून टाकी. जुनाच दोरा, जुनीच भोकं. तंबू मेण लावलेला दुहेरी दोरा वापरायचा, इंचाला चार टाके, एक लांब एक आखूड, आणि दर पाचव्याला विनाकारण एक गाठ. दुसऱ्याचा टाका उचलणं हे माझं काम. माझ्या आईचा, माझ्या सासूचा, कोणाचाही टाका मी असा घालीन की जिचा तिने शपथेवर आपला म्हणावा. सहा वेळा मी तंबूचा टाका घातला, सहाही वेळा त्याने आपला म्हणून ओळखला.

सातव्या वेळी मी सुनेला म्हटलं, "आज शिवायचंही तूच बघ. तू बाहेर आलीस की फार बोलतेस."

"बरं, आई," ती म्हणाली.

खरं कारण निराळं होतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मशीनला डोळे लागत नाहीत, पाय लागतात. पण काळ्या अस्तरातली जुनी भोकं मला दिसेनाशी झाली होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. माणसाने एकेक गोष्ट सांगत बसलं तर शेवटी स्वतःकडे काय उरतं?

मंगळवारची सकाळ. फटफटीवाला बाकावर. त्याला आमची भाषा अर्धी येई, मला त्याची येतच नव्हती, त्यामुळे गप्पा झकास चालल्या. बाही मी मशीनवर शिवली आणि कोट आत दिला. आत इस्त्री मेजावर आपटल्याचा आवाज दोनदा आला, मग बराच वेळ काही नाही. मग सून कोट घेऊन बाहेर आली. चेहरा अंड्याच्या टरफलासारखा.

कोट देताना मी सवयीने डाव्या काखेखालून अंगठा फिरवला. तंबूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला की बैलगाडी खडीवरून जावी तसं लागतं. तिथे काही लागलंच नाही. लोण्यावरून बोट फिरावं तशी शिवण.

"जरा थांब बाळा," मी म्हटलं, "काखेत बघू दे—"

तोवर त्याने दुसरा हातही घातला होता. "नाही आजी, उशीर," म्हणाला आणि फटफट करत गेला. पुलावर या वेळी तो घसरला नाही.

मी दार लावून घेतलं.

"जुना दोरा कुठाय?"

"कुठला, आई?"

"अस्तराचा. त्याचा मेणाचा दोरा."

"शेगडीत टाकला. फार मळका होता हो."

"आणि नवीन किती टाके घातलेस?"

ती पडदा सरळ करायला लागली.

"मोजून सांग. तू मोजल्याशिवाय राहिली नसशील."

"इंचाला बारा."

"त्याचे चार होते."

"हो."

"मग बाकीचे आठ काय त्याला आहेर म्हणून दिलेस?"

एवढ्यावर ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण नाही रडली. मशीनची कड धरून उभी राहिली आणि म्हणाली, "कागद वाचला आणि हात कापायला लागले, आई. कापत होते म्हणून फार लक्ष देऊन शिवलं. शिवून झाल्यावर बघितलं तर हे असं झालं होतं."

"काय होतं कागदात?"

"शुक्रवारी पहाटे. गिरणी. वरून नाक्यावरचे येणार, खालून इथले. कोणालाही जिवंत आणायची गरज नाही असं लिहिलंय."

मी बाकावर बसले. बसायचंच होतं मला, सकाळपासून पाय दुखत होते.

तासाभराने अंडीवाली आली. ती सहा फूट उंच, आणि पाहुण्यांपुढे ठार बहिरी. निरोप ती डोक्यातून नेई, कारण कागद झडतीत सापडतो. मी तिला सांगितलं, गुरुवारच्या आत गिरणी रिकामी. ती म्हणाली, "उद्या दिवस मावळायच्या आत पोचते. चढ आहे, उडता येत नाही मला." टोपली उचलून निघाली.

आता हिशेब सोपा होता. अंडीवाली बुधवारी संध्याकाळी पोचणार. अस्तराची पट्टी बुधवारी सकाळीच तंबूच्या टेबलावर येणार. तंबू म्हणाला की हा टाका माझा नाही, की पाहुणे शुक्रवारची वाट बघणार नाहीत. मोटारी दुपारी गिरणीवर, आणि अंडीवाली तेव्हा अर्ध्या चढावर अंडी घेऊन. आम्हा दोघींचं काय होणार, ते त्यामानाने किरकोळ होतं.

"आपण निघून जायचं का?" सुनेने विचारलं.

"कुठे? आणि दुकान बंद दिसलं की तंबूने पट्टी बघायचीसुद्धा गरज नाही. बस. ते फडकं घे."

"कशाला?"

"वाईट शिवायला शीक."

मंगळवारची उरलेली दुपार आम्ही हेच केलं. मी तिला सांगितलं, लांब-आखूड घाल. तिने घातले. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड, पलटण कवायतीला चालल्यासारखे. म्हटलं, वाकडे घाल. घातले वाकडे. सगळे सारखेच वाकडे. कापडाला नक्षी केल्यासारखं दिसायला लागलं. एक गिऱ्हाईक आलं होतं, ते म्हणालं, वा, ही किनार कशावर लावणार?

"अगं बये," मी म्हटलं, "टाका हाताने वाईट होत नाही, मनाने होतो. तंबूचं मन शिवण्यात नसतं. त्याला भूक लागलेली असते. चार टाके तो जेवणाचा विचार करतो, पाचव्याला त्याला आठवतं की आपण शिवतोय, म्हणून घाबरून गाठ मारतो. तू जेवणाचा विचार कर."

"मला भूक नाहीये, आई."

"मलाही नाहीये. तरी कर."

चौदा वेळा केलं तिने. चौदाही वेळा सुबक. शेवटी मी ते फडकं हिसकावून घेतलं.

बुधवारी सकाळी फटफटी टपाल कचेरीपाशी थांबल्याचा आवाज आला. आम्ही दार उघडं ठेवून आपापलं काम करत बसलो. मी एकाच विजारीचा एकच पाय तीनदा शिवला. बारा वाजले. मग रस्ता ओलांडून तंबू आला. एकटाच. जाड्या, केस गेलेला, चालताना गुडघे बाहेर टाकणारा. त्याने दार आतून लावलं तेव्हा मी कात्री हाताशी घेतली. काय करणार होते कात्रीने, कोणास ठाऊक.

त्याने खिशातून अस्तराची पट्टी काढून मशीनवर ठेवली. इंचाला बारा.

"हे कोणी केलं?" दोन वर्षांत त्याला आमची भाषा बाजारापुरती आली होती.

"मी," मी म्हटलं.

"मी," पडद्याआडून सून म्हणाली. तिला मध्ये बोलायची काही गरज नव्हती.

तंबू बाकावर बसला. बाक कुरकुरलं. बराच वेळ त्याने टोपी गुडघ्यावर फिरवली, मग बोलायला लागला.

"साहेब मला रोज बोलतो. तंबू, तंबू. मागच्या आठवड्यात म्हणाला, टाका सुधार, नाहीतर आघाडीवर पाठवतो. आघाडीवर शिंप्याला बंदूक देतात. मला बंदूक येत नाही." त्याने नाक ओढलं. "आज पट्टी आली. मी बघितली. माझी नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबाने हातातून घेतली. खिडकीशी नेली. सगळ्या कारकुनांना दाखवली. म्हणाला, बघा, माणूस मनावर घेतलं तर काय करतो. मला खांद्यावर थोपटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, होय साहेब."

पडद्याआड इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"साहेबाने स्वतःचा मोठा कोट दिला," तंबू म्हणाला. "सगळं अस्तर नवं घाल म्हणाला. असंच. शनिवारपर्यंत." त्याने बगलेतलं बोचकं काढून बाकावर ठेवलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. "आणि ते... फटफटीवाल्याचं अस्तर. सुटलं असेल ना? आपलं आपण?"

"सुटलंच होतं," मी म्हटलं. "दोरा कुजका वापरता तुम्ही. आम्ही म्हटलं, पोरगं थंडीत जाणार, घालावे चार टाके."

"असंच असणार," तो म्हणाला. "मला जास्त सांगू नका."

तो गेल्यावर सून बाहेर आली. बोचकं उचललं, कापडाचा पोत बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "कापड चांगलं आहे."

मी कात्री परत जागेवर ठेवली. बोलायला लागले असते तर शनिवारपर्यंत संपलं नसतं.

शुक्रवारी पहाटे मोटारी गेल्या आणि दुपारी तशाच परत आल्या. गिरणीत त्यांना कोमट चूल आणि अंड्यांची टरफलं मिळाली. टरफलांचा अर्थ कोणी लावला नाही. उरलेल्या सगळ्याचा लावला. शनिवारी सकाळी दोन शिपाई आले आणि आम्हा दोघींना रस्ता ओलांडून घेऊन गेले. साहेबाचा कोट सुनेने आदल्या दिवशीच पुरा करून तंबूला दिला होता. वेळेत काम देणं ही तिची आणखी एक खोड.

टपाल कचेरीत साहेब तिकिटांच्या खिडकीमागे बसायचा. पूर्वी तिथे एक मास्तर बसायचा, तोही असाच वर न बघता बोलायचा, त्यामुळे मला फार परकं वाटलं नाही. साहेबाच्या अंगावर नव्या अस्तराचा कोट होता. पुढ्यात पार्सलं तोलायचा काटा, काट्याच्या ताटलीत ती पट्टी. तंबू भिंतीला टेकून उभा. साहेबाचं बोलणं एक कारकून आमच्या भाषेत करून सांगत होता. सुनेला सगळं थेट कळत होतं, पण ती कारकुनाचं होईपर्यंत बावळटासारखी थांबायची. ते तिने चांगलं केलं.

"गिरणीला खबर कोणी दिली?" कारकून म्हणाला. "हुकूम चारच ठिकाणी होता. साहेबांच्या डोक्यात, नाक्यावर, या शिंप्याच्या सुईखाली आणि मंगळवारी अर्धा तास तुमच्या दुकानात."

"आमच्या दुकानात बाही होती," मी म्हटलं.

साहेबाने तंबूला काही विचारलं. तंबूने पट्टी उचलली, छातीशी धरली आणि मोठ्याने काहीतरी म्हणाला. पाहुण्यांच्या भाषेतही शपथ ही शपथेसारखीच ऐकू येते. कारकुनाने सांगितलं, "शिंपी म्हणतो, हा टाका त्याचाच. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही."

त्याला तरी दुसरं काय म्हणता येणार होतं? तोच टाका साहेब अंगावर घालून बसला होता.

पण साहेब सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांपैकी. त्याने काळ्या कापडाचे दोन तुकडे, सुई आणि तंबूच्याच पेटीतला मेणाचा दोरा मागवला. "दोघींनी शिवून दाखवा," कारकून म्हणाला. "आधी म्हातारी."

मी सुई घेतली. दोरा घेतला. उजेडाकडे धरलं. सुईचं नेढं मला दिसलं नाही. तोंडात दोरा ओला केला, पुन्हा धरलं. नाही. अख्ख्या कचेरीसमोर मी सात-आठ वेळा हवेत दोरा खुपसला. कारकून हसला. चाळीस वर्षं मी या गावाला कपडे घातले, आणि तो हसला. शेवटी सुनेने माझ्या हातून सुई घेतली, ओवली आणि परत दिली. मी कसेबसे पाच टाके घातले, त्यातला एक कापडाबाहेर गेला. साहेबाने हात हलवला, पुरे.

मग सुनेची पाळी.

कारकुनाने एक कागद वाचला. गल्लीत चौकशी झाली होती. दूधवाली म्हणाली होती, सुनेला सुई धरता येत नाही असं सासूच सांगते. घड्याळजीनेही तेच. कोपऱ्यावरच्या म्हातारीने तर सांगितलं होतं की ही सून म्हणजे त्या घराला लागलेलं ग्रहण आहे. हे शब्द माझेच होते, पण मला वाटलं नव्हतं ती ते लक्षात ठेवील.

"तरी शिव," कारकून म्हणाला.

ती स्टुलावर बसली. कापड गुडघ्यावर घेतलं. मी तिच्या हातांकडे बघत होते, म्हणजे जिथे हात असावेत तिथे. चौदा वेळा सुबक, पंधराव्यांदा काय होणार? इंचाला बारा पडले की संपलं. तंबू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. त्याच्या कपाळावरचा घाम मलासुद्धा दिसला.

दोरा कापडातून ओढल्याचा आवाज येत होता. मेणाचा दोरा कुरकुरतो. मी ऐकत बसले. लांब. आखूड. लांब. मग जरा थांबली. आखूड. मग एक गाठ, घाबरून मारल्यासारखी, झटकन. पुन्हा लांब.

साहेबाने कापड घेतलं, उजेडाला धरलं आणि दोन्हीकडून बघितलं. मग आठवड्यातलं पहिलं हसू हसला, आणि कापड तंबूच्या नाकासमोर धरून काहीतरी म्हणाला. कारकूनही हसायला लागला. "साहेब म्हणतात, बघ, मागच्या आठवड्यापर्यंत तू असं शिवत होतास!"

तंबूने ते कापड बघितलं. आपला टाका माणूस ओळखतो. आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा तसा त्याचा चेहरा झाला. हळूहळू कानापर्यंत लाल झाला. त्या क्षणी त्याला सगळं कळलं, आधीच्या सहाही पट्ट्या कळल्या. त्याने सुनेकडे बघितलं, मग साहेबाच्या कोटाच्या अस्तराकडे, आणि म्हणाला, "होय साहेब."

साहेबाने तिथल्या तिथे हुकूम दिला की यापुढे सगळ्या फटफटीवाल्यांच्या कोटांना शिंप्याने याच नव्या टाक्याने अस्तर घालायचं. कारकुनाने तो आम्हालाही सांगितला, का कोण जाणे. आम्हाला जा म्हणाले. ते कापड साहेबाने माझ्या अंगावर फेकलं. मी ते खिशात घातलं.

रस्ता ओलांडून आम्ही दुकानात आलो. सुनेने शेगडीत कोळसे घातले. मी बाकावर बसून खिशात हात घातला आणि त्या शिवणीवरून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत.

"सांगा आता," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली. "काय बोलायचं ते बोलून टाका एकदाचं."

"कसला विचार करत होतीस शिवताना?"

"जेवणाचा. तुम्ही सांगितलं होतं ना. खरंच भूक लागली होती, आई. मंगळवारपासून जेवले कुठे होते मी?"

"सोमवारी तंबू चार कोट घेऊन येईल. शिवायचंही तूच, उसवायचंही तूच. माझे डोळे गेलेत."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही म्हणालात ना, मी फार बोलते म्हणून. मी कधी बोलले हो जास्त?"

मी ते कापड काढून तिच्या इस्त्रीच्या मेजावर ठेवलं. बोट ठेवून दाखवलं.

"हे इथे, तिसऱ्या गाठीला, दोरा जास्त ओढलास. अस्तर असतं तर चुणी पडली असती. आणि मंगळवारी जे केलंस तो गाढवपणा होता. त्याला फळ आलं म्हणून तो शहाणपणा होत नाही, हे मरेपर्यंत लक्षात ठेव. पण बाकीचं—" मला जरा खोकावं लागलं, कोळशाचा धूर होता. "बाकीचं घाणेरडं आहे. इतकं घाणेरडं माझ्याही हातून झालं नसतं. आता जेव जा."